पाहुण्यांची खुर्ची

शिंपीणकाकूंनी खुर्ची डोक्यावर घेतली आणि जिन्याच्या वळणावर ती कठड्याला आपटलीच.

"सावकाश," वरून इस्त्रीवाली म्हणाली. "पाय निखळला तर बाईंना बसवू कुठे?"

"निखळलेलाच आहे तो. नुसता टेकवलाय." काकू धापा टाकत दारात आल्या. "बसताना उजवीकडे रेलायचं. डावीकडे भार दिला की कारभार आटोपला. आल्या आल्या सांग त्यांना."

"काय सांगू? खुर्ची मोडकी आहे म्हणून?"

"डावीकडे वारा लागतो म्हणावं. आता खोटं बोलायलाही मीच शिकवू का तुला?"

त्या चार मजली इमारतीत परक्या माणसाला बसवावं अशी खुर्ची एकच होती, काकूंची. सरकारी मदतीच्या अर्जांची चौकशी करणाऱ्या तपासनीस बाई ज्या घरी यायच्या त्या घरी ती आधी चढायची, नाहीतर उतरायची. तिच्या मागोमाग फुलाफुलांची चादर आणि झाकणाचे चार चकचकीत डबे. घर उघडंबोडकं दिसलं तर 'आईला मूल सांभाळता येत नाही' असा शेरा पडतो आणि पोर वसतिगृहात जातं, अशी बोलवा होती. कोणाचं पोर गेलं, हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. पण विषाची परीक्षा घेणार कोण?

इस्त्रीवालीला सरकारकडून हवं होतं ते मुलीपुरतं: शाळेत दुपारचं जेवण आणि संध्याकाळपर्यंत पाळणाघर. सहा वर्षांची भिंगरी शाळा सुटली की लॉन्ड्रीत येऊन आईच्या टेबलाखाली बसायची. परवा तिच्या पायात वायर अडकली आणि तापलेली इस्त्री तिच्यापासून हातभर अंतरावर पडली. मालक ओरडला नाही. "महिनाअखेरपर्यंत पोरीची सोय बघ," एवढंच म्हणाला, "नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल." तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला तेव्हापासून वाटत होतं.

तिने डबे फळीवर ओळीने मांडले. चादरीची चुणी हाताने दाबून काढली. भिंगरीला भिंतीशी बसवून बजावलं, "विचारतील तेवढंच बोलायचं."

तपासनीस बाई चपला बाहेर काढून आत आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या. इस्त्रीवालीने वाऱ्याचं वाक्य जुळवून तोंड उघडलं, तोवर बाईंनी आपली जाड पिशवी खुर्चीच्या डाव्या पायाशी घट्ट सरकवली आणि उजवीकडे रेलून बसल्याही. वाक्य तिच्या ओठांवरच राहिलं.

कामाच्या वेळा विचारून झाल्या. मग बाई भिंगरीकडे वळल्या.

"शाळा सुटल्यावर कुठे असतेस गं?"

"टेबलाखाली. तिथे ऊब असते. पण आता जायचं नाही, इस्त्री पडली ना."

इस्त्रीवालीने पदर मुठीत धरला. झालं, आता शेरा पडणार. ती घाईने म्हणाली, "घरी तसं सगळं आहे, बाई. खाण्यापिण्याचं काही कमी नाही."

बाईंनी फळीकडे पाहिलं. "त्यातला एक डबा काढता?"

तिने काढला. रिकामा डबा हाताला इतका हलका लागतो की लपवायचं म्हटलं तरी लपत नाही. बाईंनी झाकण उघडायला सांगितलं नाही.

"ताई, मी गरज आहे का ते बघायला येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला भरलेलं घर दाखवता. मग मी लिहू काय?"

"पोर नेतात म्हणे."

"कोण?"

तिने डबा छातीशी धरला.

"मी इतकी वर्षं या कामात आहे. घरी काही नाही म्हणून मी कुणाचं पोर नेलेलं नाही." बाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचून दाखवल्या. आई कामसू आहे. दुपारी मूल ठेवायला जागा नाही. "तुमची हरकत नसेल तर हेच पाठवते. माझी शिफारस आजवर कधी कुणी नाकारलेली नाही. सोमवारपासून हिला शाळेतच जेवू द्या, मग संध्याकाळपर्यंत पाळणाघरात."

"मला दोन वाट्या मिळतील?" भिंगरीने विचारलं.

"मागितल्यास तर मिळतील. मागायला लाजायचं नाही."

हे त्या भिंगरीकडे बघून म्हणाल्या, पण इस्त्रीवालीने मान खाली घातली. मग ती हसली.

दारात चपला घालताना बाई थांबल्या.

"उद्या सकाळी वरच्या मजल्यावर यायचंय मला. खुर्ची आजच चढवा. मागच्या खेपेला जिन्यातच तिची नि माझी गाठ पडली. खुर्ची वर जाईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभी."

त्यांची पावलं जिन्यात विरली. इस्त्रीवालीने खुर्ची डोक्यावर घेतली. भिंगरीने डबे कवटाळले आणि ती आईच्या मागून वरच्या पायऱ्या चढू लागली.

"ते नको," आई म्हणाली. "ते खाली काकूंना देऊन ये."