मुराळी

पर्वत पाटियाच्या त्या खोलीत साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या बायकांचे सकाळपासून दोन तट पडले होते. मोबाईलवर सगळ्या बघत असलेली अंतराळयानाची मालिका काल संपली. यानाची कप्तान इतक्या वर्षांनी पृथ्वीपाशी आली, वरच्या वर घिरट्या घातल्या आणि न उतरताच माघारी फिरली. निम्म्या जणी म्हणत, डोळ्यांना धार लागली; निम्म्या म्हणत, लिहिणाऱ्याला धरून बडवा.

धनश्री बडवणाऱ्यांतली. "स्वतःच्या घरी जायला कुणाची परवानगी लागते काय?"

शेजारी तिची सासू उषाबाई. जिभेला धार असलेली बाई, पण आज कुठल्याच तटात नव्हती. टिकली अंगठ्याने दाबत तिने विचारलं, "खालून कुणी हाक मारली का तिला?"

"नाही. रेडिओला कान लावून बसली होती, कुणी बोललंच नाही."

"मंग? मुराळी उना नही, कशी उतरी ती?"

बायका हसून लोटपोट झाल्या. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ म्हणजे मुराळी. तो यानाला कुठून येणार?

धनश्रीही हसली आणि मध्येच थांबली. आखाजी परवावर आली होती. सासूचा भाऊ वारून चार वर्षं झाली, भाचे फोनही करत नव्हते. सकाळी झाडताना सासूच्या खाटेखाली एक पिशवी सापडली, ती तिने जुने कपडे समजून कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी दाराबाहेर ठेवली होती. कामावर निघताना पाहिलं, तर पिशवी परत खाटेखाली होती. उघड्या तोंडातून सासूच्या घडी केलेल्या साड्या आणि त्यांच्यावर तिने भावजयीसाठी म्हणून घेतलेली कोरी साडी दिसत होती.