ढकलण्याचा नियम

थोरलीनं आपली ढालवाली सोंगटी पुलाच्या तोंडाशी, बाबांच्या मांत्रिकासमोर, राक्षसाला आडवी ठेवली आणि हात काढून घेतला. मागे पूल मोकळा होता. पलीकडच्या काठावर जंगल, आणि जंगलात सुटका. पण मांत्रिकाला मागे टाकून ती पूल ओलांडणार नव्हती, हे पटावरचा खेळ चालवणाऱ्या धाकट्या भावाला तिच्याकडे न बघताही कळलं.

दरी, कडे, पूल सगळं बाबांनीच घडवलेलं. हात धड होते तेव्हाचं, सुतारकामातल्या उरल्यासुरल्या फळकुटांचं. आता उजवा हात मांडीवर पडून असायचा, दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा.

दूरच्या शहरातली नोकरी थोरलीकडे चालून आली होती. उद्या होय-नाही कळवायचं होतं. "नाहीच कळवणार," असं ती दुपारी स्वयंपाकघरात धाकट्याला म्हणाली होती. भिंती पातळ होत्या, आणि बाबांचे कान शाबूत.

"बाबा, तुमची पाळी," धाकटा म्हणाला. "राक्षस अगदी कड्याच्या टोकाला उभा आहे. मांत्रिकाचा वारा सोडा, तीन घरं ढकला, की गेला दरीत. आयतं ताट वाढलंय."

बाबांनी डाव्या हाताचं बोट पटावरून सावकाश नेलं. राक्षसाला वळसा घालून ते ढालवालीपाशी थांबलं.

"हिला."

धाकट्यानं ताईकडे पाहिलं. दुखण्यानंतर बाबांचं कधीकधी चुकायचं.

"बाबा, ती राक्षस नाहीये."

"डोळे गेलेत का माझे?"

"अहो, पण मी तुमच्या बाजूची आहे!" थोरली म्हणाली.

"मग? ढकलायला वैरीच लागतो, असं कुठल्या नियमात आहे?"

धाकट्यानं नियमांची पानं चाळली. "तसं काही नाही लिहिलेलं."

"आणि ज्याला ढकलायचं, त्याला विचारायचं असतं?"

"नाही," धाकटा हळूच म्हणाला.

बाबांनी बोटानं सोंगटी सरकवली. एक घर, दुसरं घर. पुलावर सोंगटी कलंडली, त्यांनी ती उभी केली. तिसऱ्या घराला ती पलीकडच्या काठाला लागली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि राक्षसाकडे असं पाहिलं, जसं पाहुण्याला 'या, बसा' म्हणताना पाहतात.

धाकट्यानं राक्षसाचा फासा टाकला. घाव बसला. मांत्रिक पडला नाही, पण अंगात फार काही उरलं नाही.

"ताई, तुझी पाळी. पूल अजून आहे. परत येता येईल."

थोरलीनं सोंगटी उचलली. बराच वेळ ती तिच्या मुठीत राहिली. बाबा खिडकीबाहेर बघत होते. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

तिनं सोंगटी जंगलाच्या दिशेला एक घर पुढे ठेवली.

"बाबांची सकाळची गोळी उपाशीपोटी असते," ती धाकट्याला म्हणाली. "आणि घेतली म्हणाले, तरी विश्वास ठेवायचा नाही. जिभेखाली बघायचं."