दोन झाडं

या मायबापहो, जवळ सरकून बसा. एका दमलेल्या बापाची गोष्ट सांगतो. शाळेत लेकीला झाड बनून जायचं होतं. रात्रपाळीहून आलेला पहारेकरी बाप कुरकुरला, "पुन्हा सोंग? गणवेशाला काय झालंय?"

"अहो, आपलीच पोर वेगळी पडेल!" म्हणत शिवणकाम करणाऱ्या आईने जांभया देत तिच्या फ्रॉकला अस्तराची पानं टाचली.

बाप लेकीला घेऊन शाळेच्या फाटकाशी पोचला, तर सगळी मुलं गणवेशात! सोंगांचा दिवस उद्या होता. पोर रडवेली झाली. बापाने तिची दोन पानं काढून आपल्या टोपीत खोचली.

"आता दोन झाडं. चल वर्गात. आणि दिवस चुकला हे आईला सांगू नकोस हं, दमलीय ती."

मायबापहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा या बापाची आठवण ठेवा.