उदाहरणापुरतं नाव

वैभवी मॅडमनी फळ्यावरच्या शेवटच्या वाक्याखाली खडूने दोन रेघा ओढल्या आणि पट्टी टेबलावर आपटली.

“दे अक्यूज्ड जमना ऑफ स्टीलिंग. रिपीट!”

नववीचा अख्खा वर्ग ओरडला, “दे अक्यूज्ड जमना ऑफ स्टीलिंग!”

“‘ऑफ’ विसरायचं नाही. आळ घेतला. कशाचा घेतला? ऑफ स्टीलिंग, चोरी केल्याचा. पुन्हा!”

वर्ग पुन्हा ओरडला. आपल्याकडे इंग्रजी असंच शिकवतात. आधी घशातून जातं, मग डोक्यात शिरलं तर शिरलं. खिडकीजवळच्या बाकावर जमना तेवढी गप्प होती. ती बाकाच्या कडेचा ढलपा नखाने उचकटत होती. नखात कुसळ गेलं तरी तिने हात काढला नाही.

फळ्यावर त्याच्या वर आणखी दोन वाक्यं होती. एकात स्पर्धा जिंकल्याबद्दल हेतलचं अभिनंदन झालं होतं. दुसऱ्यात मदत केल्याबद्दल भाग्येशचे आभार मानले होते. हेतलच्या वडिलांचं बोईसरला हार्डवेअरचं दुकान, भाग्येशचे वडील तारापूरच्या वीजकेंद्रात. जमनाची आई रखमा बोईसरच्या इमारतींमध्ये धुणीभांडी करायची. मॅडमनी हे ठरवून केलं होतं असं नाही. ठरवून केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. नावं आपसूक हाताला लागली आणि आपापल्या जागी जाऊन बसली, एवढंच.

चोरीचा आळ म्हणजे काय, हे जमनाला कुणी शिकवायची गरज नव्हती. गेल्या दिवाळीत रखमाच्या कामाच्या एका घरात चांदीचं पैंजण हरवलं. संध्याकाळी फाटकावर वॉचमनने रखमाची पिशवी रस्त्यातच उपडी केली. तिच्यातून फराळाची पुडी पडली, जुना परकर पडला, विड्याच्या पानांची चंची पडली. येणारेजाणारे थांबून बघत होते. जमना तेव्हा शेजारी उभी होती. पैंजण दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कपाटात सापडलं. “सापडलं बरं का गं,” असं त्या घरच्या बाई हसत म्हणाल्या, जसं काही रखमाच ते रात्रभर शोधत बसली होती. माफीचं नावसुद्धा नाही. रखमाने ते घर सोडलं आणि पाड्यावर कुणाला काही सांगितलं नाही.

मधल्या सुट्टीत जमना शिक्षकखोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“मॅडम, त्या वाक्यातलं नाव बदला ना.”

वैभवी मॅडम वह्या तपासत होत्या. बाई तशी वाईट नव्हती. शाळा सुटल्यावर थांबून पोरांना फुकट शिकवायची. “का गं, काय झालं?”

“सगळी मला चिडवायला लागली.”

“अगं, उदाहरण आहे ते. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतं.”

“मग हेतलचं घ्या.”

“हेतलचं कसं...” मॅडम बोलता बोलता थांबल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. “जा आता. डबा खाऊन घे.”

जमना गेली. वाक्य अर्धवट राहिलं होतं, पण तिला ते पुरतं कळलं. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

शाळेपासून पाडा फार लांब नाही. घरी जाताना पोरांनी वाटभर त्याच वाक्याचा घोष लावला. जमना अशी वाजतगाजत पाड्यावर पोचली, आणि दोनचार दिवसांत शाळेचं तोंड न पाहिलेली चिल्लीपिल्लीसुद्धा त्या तालावर लंगडी घालायला लागली. “दे आकूज जमना, ऑप टीलिंग!” अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक होता ती पोरं जमनाकडे बघून तोंडावर हात धरत होती.

आणि रखमा खूश होती! खरा संताप जमनाला त्याचा येत होता. चुलीपुढे सुकट भाजता भाजता रखमाही तेच गुणगुणायची. शेजारची साखरबाई विस्तव न्यायला आली तर तिला म्हणाली, “पोरीचा नाव विंग्रजीत गेला बग. माझा तं सातबाऱ्यावर पन नाय.”

“मंजी हुशारच हाय तुजी जमना,” साखरबाई म्हणाली.

साखरबाईची पाठ वळल्यावर रखमाने पुन्हा सूर लावला.

“गप बस आई!” जमना ओरडली.

रखमाच्या हातातलं उलथणं थांबलं. पोर कधी अशी अंगावर येत नसे.

“काय झाला गं?”

“तुला ठाव तरी हाय काय बोलतंस ते? जमनावर चोरीचा आळ घेतला, असा हाय ते. चोरीचा! तेच बोलतात सगळी. तू पन.”

सुकट करपायला लागली. धूर डोळ्यांत गेला तरी रखमा तशीच बसून राहिली.

“शाळेत त्या पैंजनाचा कोनी सांगला?”

“कोनी नाय सांगला. मॅडम बोलली, उदाहरन हाय नुसता.”

“उदाहरनाला माझीच पोर गावली?”

रखमाने तवा उतरवला आणि करपलेली सुकट राखेत ओतली.

सकाळी रखमाने कामावर खाडा केला. ती जमनाच्या मागोमाग शाळेत आली, वर्गाच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि उंबऱ्यावर उभी राहिली. परीक्षा जवळ आली होती. मॅडमनी तीच वाक्यं पुन्हा फळ्यावर लिहून काढली होती.

“मॅडम, माझ्या पोरीवर चोरीचा आळ कोनी घेतला?”

मॅडमच्या कपाळाला आठी पडली, पण आवाज मऊ राहिला. “ताई, तुमचा गैरसमज झालाय. हे व्याकरणाचं उदाहरण आहे. खरं काही नाही त्यात.”

“खरा नाय ना?”

“अजिबात नाही.”

“मग पुसा.”

मॅडमनी डस्टर उचललं आणि जमनाचं नाव पुसलं. वाक्याच्या मधोमध मोकळी जागा राहिली. तिथे दुसरं नाव लिहायला त्यांनी खडू उचलला आणि वर्गाकडे वळून बघितलं.

त्यांची नजर जिकडे जाईल तिकडच्या माना खाली जात होत्या. हेतल दप्तरात काहीतरी शोधायला लागली. भाग्येशच्या बुटाची नाडी नेमकी तेव्हाच सुटली. वाटभर घोष करणारा चिंधू तर बाकाखाली जवळजवळ नाहीसाच झाला.

“एवढं घाबरायला काय झालं? उदाहरण आहे नुसतं!” मॅडम म्हणाल्या.

एकही मान वर झाली नाही. उंबऱ्यावर रखमा हाताची घडी घालून उभी होती. मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या तरातरा फळ्याकडे गेल्या आणि खडू मोडेल इतक्या जोरात त्यांनी मोकळ्या जागेत नाव लिहिलं. स्वतःचं.

“घ्या. माझंच नाव. झालं समाधान? दे अक्यूज्ड वैभवी ऑफ स्टीलिंग. रिपीट!”

वर्ग गप्प.

“ऐकू नाही आलं? रिपीट!” पट्टी टेबलावर आपटली.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. हे कसं म्हणायचं? मॅडमविषयी असं कसं म्हणायचं? रोज छप्पर उडवणाऱ्या त्या घशांमधून हूं की चूं निघेना. वर पंखा कुरकुरत होता, तेवढाच आवाज.

“म्हना रे पोरांनो,” रखमा म्हणाली. “उदाहरन तं हाय.”

कुणीही म्हटलं नाही. रखमाने वाट पाहिली. मग ती मॅडमकडे वळली.

“माझ्या पोरीचा नाव व्हता तवा पाड्यापर्यंत आवाज येत व्हता.”

तिने चपला पायात सरकवल्या आणि ती निघून गेली. खिडकीतून ती रस्त्याकडे जाताना दिसत होती. पदर खोचलेला, चाल रोज कामावर जाताना असते तशीच घाईची.

मॅडमनी पट्टी घट्ट धरली होती. एकाने म्हटलं असतं तर बाकीच्यांनीही म्हटलं असतं, आणि तास पुढे सरकला असता. कुणीतरी एकच हवं होतं. त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि नेहमीसारखं जे नाव तोंडात आलं ते घेतलं.

“जमना, तू म्हण.”

जमना उभी राहिली. मॅडमनी मान हलवून तिला खूण केली. अख्खा वर्ग तिच्याकडे बघत होता.

“नाय, मॅडम,” जमना म्हणाली. “मी हे वाक्य कुणाच्याच नावाने म्हटलेलं नाय.”

मॅडमनी पाठ फिरवली, डस्टर घेतलं आणि फळा पुसायला सुरुवात केली. आपलं नाव पुसलं, मग सगळं वाक्य पुसलं. वरची हेतलची आणि भाग्येशची वाक्यं तशीच राहिली.

जमनाला कुणी बस म्हटलं नाही. तीही बसली नाही.