तोंडातून न निघणारा पासवर्ड

मित्रांनो, भिंतीवर लुकलुकणारा एक काळा डबा तुमच्याही घरात असेल. तो बंद पडला की तुम्ही त्याला थापट्या मारता, चालू असला की त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मी तसलाच एक म्हातारा राउटर. सध्या माळ्यावर एका पोत्यात, वायरींच्या गुंत्यात पडून आहे. शेजारी बिघडलेला मिक्सर आहे. त्याला बोलायला काही नाही, मला आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तोंडाला फडकी बांधलेल्या मुलींनी माझ्या पोटात तारा जोडल्या, दिवे लावून पाहिले आणि खोक्यात घातलं. कोणासाठी करतोय हे त्यांना माहीत नव्हतं, कोणाकडे चाललोय हे मला. इंटरनेट गावोगाव पोचायला लागलं होतं त्या काळात काकासाहेब नावाच्या तरुणाने मला औरंगाबादेत विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर ठेवून वडीगोद्रीला आणलं.

वडीगोद्री हायवेला लागून आहे. काकासाहेबाच्या वडिलांचं खता-बियाण्यांचं दुकान रस्त्यावर आणि घर दुकानाच्या वर. वडिलांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. लहान पोरंही अण्णा, तालुक्याचा साहेबही अण्णा. वरच्या बैठकीत टेलिफोनची वायर आली होती, तिथे टीव्हीवरच्या फळीवर माझी जागा झाली. काकासाहेबाने माझा पासवर्ड ठेवला एक ते आठ आकडे, ओळीने. मला आठ अक्षरांपेक्षा कमी चालत नाही, म्हणून आठ. असा पासवर्ड ठेवणं म्हणजे घराला कडी लावून किल्ली दारातच टांगणं. पण त्या वेळी कोणाला काही वाटलं नाही. पोरं जिन्यात बसून दहावीचा निकाल पाहायची, अण्णा बाजारभाव बघायचे आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आपल्याकडं नेट हाय, बिगर वायरचं." माझं कौतुक झालं ते तेवढंच.

आता जे सांगायचं ते सरळ सांगतो. काकासाहेबाला एक बहीण होती, शिवकन्या. ती पुण्याला नोकरीला गेली आणि तिने भिवा मास्तरांच्या मुलाशी लग्न केलं. भिवा मास्तर याच गावच्या शाळेत होते. अण्णांच्या दोन्ही लेकरांना पाढे त्यांनीच शिकवले. मास्तर बौद्ध. पोरांना शिकवायला मास्तर चालले, पोरीला द्यायला मास्तरांचं घर चाललं नाही. मला हे गणित कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं, म्हणूनच राग आहे.

दुकानाचं नाव होतं 'शिवकन्या कृषी सेवा केंद्र'. अण्णांनी पाटीवरच्या पहिल्या शब्दावर काळा रंग फासला आणि घरात फर्मान काढलं, "तिचं नाव या घरात घ्यायचं न्हाई." शिवकन्येची आई सगुणाबाई. तिने मान डोलावली. नवऱ्यापुढे तिने आजवर दुसरं काही केलंच नव्हतं.

पण काकासाहेबाला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा जाताना तो आपला जुना लॅपटॉप आईपाशी ठेवून गेला. जायच्या आदल्या दिवशी त्याने तिला बसवून शिकवलं. "आई, हे उघडायचं. हिथं ताईचा फोटो येतो. खाली हिरवं बटन हाय, ते दाबायचं. बास."

"आन मधीच तुझा बाप आला मंग?"

"लाल दाबायचं."

मित्रांनो, त्यानंतर रोज दुपारी अण्णा खाली दुकानात असायचे आणि वर सगुणाबाई लेकीला बघायची. मोबाइल घरात एकच, तो अण्णांच्या खिशात. आणि आवाजावर तिचं भागलंही नसतं, तिला बघायचं होतं. लेक कशी दिसते, गालफडं बसलीत का, पोट किती दिसतंय. शिवकन्येला दिवस गेले होते. "उभी राह्य बरं. वळ. आता बराबर दिसतंय," असं म्हणून ती काचेवरून बोट फिरवायची. ते सगळं माझ्या पोटातून जायचं. कामाचा अभिमान म्हणतात तो मला त्या दुपारी वाटला. बाजारभाव पोचवताना कधी वाटला नव्हता.

मुलगी झाली. तीही सगुणाबाईने माझ्यातूनच पाहिली. आणि एक दिवस अण्णा पाणी प्यायला अचानक वर आले. जिन्यातच त्यांना लेकीचा आवाज ऐकू आला, "रविवारी बारसं हाय आई, मी तुला लावीन." सगुणाबाईने लाल बटन दाबलं, पण उशीर झाला होता. अण्णा पाणी प्याले, खाली गेले आणि टेलिफोनचा लाइनमन अप्पाराव याला बोलावणं धाडलं.

अप्पारावने माझ्या पाठीत वायर खोचली, तिचं दुसरं टोक आपल्या लॅपटॉपला लावलं आणि अण्णांना दाखवलं, "हिथं नवा पासवर्ड टाका. आठ अक्षरं लागत्यात कमीत कमी." आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. भला माणूस. अण्णांनी एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधून शोधून दाबली. मनातल्या मनात मोजली आणि हसले. "बराबर आठ हायेत."

संध्याकाळी चहा घेताना ते बायकोला म्हणाले, "नेट बंद न्हाई केलं मी. मला दुकानाला लागतं. फक्त कुलूप बदललं. आन असा पासवर्ड टाकलाय, की तुझ्या तोंडातून उभ्या जन्मात निघायचा न्हाई."

सगुणाबाईने कप उचलले आणि आत गेली. मला पासवर्ड ठाऊक होता. पण माझी रीत अशी, की ज्याला ठाऊक आहे त्याला मी आत घेतो. ज्याला नाही त्याला मी सांगू शकत नाही. त्या रात्रभर माझे दिवे लुकलुकत राहिले, इतका मी नालायक.

रविवार उजाडला. दुपारी अण्णा दुकानात होते. सगुणाबाईने लॅपटॉप उघडला, हिरवं बटन दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग तिने शेजारची नवी सून बेबीनंदा हिला हाक मारली. ही बारावी झालेली, हसरी, गावात येऊन एक पावसाळाही झाला नव्हता.

"काकू, पासवर्ड मागून राह्यलंय हे."

"तोच तर न्हाई ना माय. आज बारसं हाय माझ्या नातीचं."

बेबीनंदाने मला फळीवरून खाली काढलं, उलटंपालटं केलं. माझ्या पाठीला एक बारीक भोक आहे. तिने त्याखालचं इंग्रजी वाचलं. "हे रिसेटचं हाय काकू. यात टोचलं की जुना पासवर्ड पुसला जातो."

सगुणाबाईने बांगडीला अडकवलेली पिन काढली. मित्रांनो, माझ्या जन्मात मला एवढी भीती कधी वाटली नाही. रिसेट म्हणजे आमचं होतं नव्हतं ते सगळं धुऊन जाणं. पण खरं सांगू? त्या बाईच्या हातून धुऊन गेलो असतो तरी मला चाललं असतं.

"थांबा, अप्पारावला विचारते," म्हणून बेबीनंदाने आपला मोबाइल कानाला लावला. पलीकडून अप्पाराव ओरडला ते मलाही ऐकू आलं.

"टोचू नका वो वहिनी! आमच्या ऑफिसनं दिलेला नंबर बी पुसला जाईल त्यातला. मंग मी येऊन टाकल्याबिगर नेट चालू व्हायचं न्हाई, आन मी आज टेंभुर्णीला आलोय."

"मंग पासवर्ड सांगा."

"मला काय ठाव? अण्णांनी सोता टाकला. आठ अक्षरं हायेत, इतकंच म्हणले."

बेबीनंदाने फोन ठेवला. "काकू, काही म्हणले होते का अण्णा? कशाचं नाव, देवाचं, बैलाचं?"

सगुणाबाई पिन हातात धरून बसली होती. हळूहळू म्हणाली, "तुझ्या तोंडातून उभ्या जन्मात निघायचा न्हाई म्हणले." बोलता बोलताच तिला कळलं, ते मी तिच्या तोंडावर पाहिलं. आधी लाज, मग राग. त्या बाईच्या चेहऱ्यावर राग मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"त्यान्नी सोताचं नाव टाकलंय, बेबे."

बेबीनंदाने कपाळावर हात मारला. "अगं बाई! काय डोकं चालवलं! मंग सांगा ना नाव."

सगुणाबाई सांगेना. लग्न होऊन आल्यापासून तिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं की लेकराला पुढे करायची. बेबीनंदालाही नाव ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी ते अण्णाच.

"मी पळत जाऊन आमच्या सासूबाईला विचारून येते," बेबीनंदा उठली.

"बस खाली." सगुणाबाईने तिचा हात धरला. "दुसरीच्या तोंडानं कशाला? कुलूप माझ्यासाठी घातलंय ना? मीच काढते."

"मंग उखाण्यात घ्या काकू. उखाण्यात चालतंय," बेबीनंदा हसत म्हणाली.

सगुणाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. का कोण जाणे, सवयीने. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"भिंतीवरच्या डब्याला यान्नी घातलं कुलूप,
कारभारीरावांचं नाव घेते, आता बसत न्हाई गुपचूप."

कारभारी! इतर बायका आपापल्या नवऱ्याला 'आमचे कारभारी' म्हणतात आणि मोकळ्या होतात. हिच्या नवऱ्याचं नावच ते, म्हणून हिला तो साधा शब्दही बंद. लग्नाच्या गाण्यात तो शब्द आला की बाकीच्या गायच्या आणि ही नुसते ओठ हलवायची.

बेबीनंदाने टाळी वाजवली आणि टाइप केलं. मी नकार दिला.

"न्हाई घेतलं काकू."

"काय टाकलं तू?"

"कारभारीराव."

"राव कशाला?"

"मोठे हायेत ना ते. नुसतं कसं टाकू?"

सगुणाबाई हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यान्नी सोताला राव कशाला लावलं असंल माय? राव काढ. नुसतं कारभारी टाक."

बेबीनंदाने राव काढलं. इंग्रजीतली बरोबर आठ अक्षरं राहिली आणि मी दार उघडलं. माझा हिरवा दिवा त्या दिवशी ज्या जोराने लागला, तसा पुन्हा कधी लागला नसेल.

पडद्यावर पुण्याची खोली दिसली. बुद्धवंदना होऊन गेली होती, बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. भिवा मास्तरांची बायको गिरिजाबाई कॅमेऱ्यापुढे आली. "सगुणाबाई, किती वाट पाहायला लावली वो! पाळणा थांबवून ठेवलाय तुमच्यापायी. पोरगी म्हणते, आई दिसल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई."

शिवकन्येने बाळ उचलून काचेपाशी आणलं. सगुणाबाईने तोंड इतकं जवळ नेलं की बेबीनंदाला तिला मागे ओढावं लागलं. "काकू, तिकडं नुसतं तुमचं नाक दिसत असंल!"

त्याच वेळी दारात अण्णा उभे होते. हसण्याचा आवाज खालपर्यंत गेला होता. बेबीनंदा चटकन उभी राहिली. सगुणाबाईचा हात लाल बटनाकडे गेला आणि तिथून परत मांडीवर आला.

"कोणी उघडून दिलं हे?"

"कोणी न्हाई. मी नाव घेतलं."

"माझं?"

"तुमचंच. दुसऱ्या कोणाचं घेऊ?"

बेबीनंदाने तोंडात पदर कोंबला. अण्णा एक पाय उंबऱ्यात ठेवून उभे राहिले. पडद्यातून शिवकन्येने विचारलं, "आई, अण्णा आले का गं?" तेवढ्यात बाळ रडायला लागलं. चांगलं मोठ्याने, ताकदीने. अण्णांनी लॅपटॉपकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आवाज कमी करा. खाली गिऱ्हाईक हाय." आणि जिना उतरून गेले.

मित्रांनो, ते सुधारले असं मी सांगणार नाही. पाटीवरचा काळा रंग त्यांनी खरवडला नाही. लेकीशी ते बोलले ते नात चालायला लागल्यावर, आणि तेही 'पोरीला सर्दी झालेली दिसती' इतकंच. ज्यांनी लेकीचं नाव पुसलं त्यांना मी एवढ्यावर शाबासकी द्यायची का? नाही देत.

पण अप्पाराव नंतर बऱ्याचदा येऊन गेला, चहा पिऊन गेला, आणि अण्णांनी त्याला पासवर्ड बदलायला सांगितलं नाही. मी पोत्यात जाईपर्यंत माझा पासवर्ड तोच होता. बेबीनंदाने सगुणाबाईला त्यातली इंग्रजी अक्षरं शिकवली. पाहुणे आले, कोणी पासवर्ड विचारला, की ती स्वयंपाकघरातून मोठ्याने सांगायची, "कारभारी! के, ए, आर... समदी लहानी अक्षरं, पुढं राव न्हाई!" आणि अण्णा बैठकीत पेपर तोंडापुढे धरून बसायचे.

आता मी जुना झालो, माझ्यापेक्षा जोरदार डबे आले. ज्या पोरांनी जिन्यात बसून निकाल पाहिले, त्यांनीच मला पोत्यात भरलं. त्याचं दुःख आहे, पण फार नाही. माझी विनंती एवढीच. घरातल्या राउटरवर ओली फडकी टाकू नका, त्याला वारा लागू द्या, अंगावरची धूळ पुसत जा. पासवर्ड ठेवा, एक ते आठसारखा खुळचट ठेवू नका. चोरापासून, फुकट्यापासून खुशाल ठेवा, मी जीव तोडून राखण करीन. पण स्वतःच्या घरातल्या माणसाला बाहेर ठेवायला मला वापरणार असाल, तर मला घरात आणूच नका. त्यापेक्षा दाराला कुलूप लावा. ते निदान रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं.