दोन खिडक्यांचं घर

"टोरलाइव्ह, देवाची शपथ घेतली आहेस. ब्रीताबाईंच्या घरात रात्री दिवा कुठल्या खिडकीत असायचा?" जमीन-कचेरीतल्या साहेबाने विचारलं.

"पूर्वेच्या. रोज. एक रात्र चुकली नाही!" शेजारचा टोरलाइव्ह छाती पुढे काढून म्हणाला. शेजारधर्म पाळल्याचं समाधान त्याच्या तोंडावर मावत नव्हतं. ब्रीताने मात्र डोळे मिटून घेतले.

अमेरिकेतल्या डकोटाच्या त्या माळावर सरकार जमीन फुकट देई. अट एकच, ज्याने त्याने पाच वर्षं आपल्याच जमिनीवर राहायचं, तिथेच निजायचं. ब्रीता आणि मारेन नॉर्वेहून आलेल्या सख्ख्या बहिणी. त्यांनी शेजारी शेजारी दोन तुकडे घेतले आणि बरोबर हद्दीवर मातीच्या ढेपांचं एकच घर बांधलं. चूल हद्दीवर, ब्रीताची खाट पश्चिमेला, मारेनची पूर्वेला.

"ताई, घोरतेस तुझ्या जमिनीवर, आणि झोपमोड माझ्या जमिनीवर!" मारेन म्हणायची.

अख्खी काउंटी असल्याच युक्त्यांनी वसली होती, त्यामुळे कोणाला त्याचं नवल नव्हतं.

चौथ्या हिवाळ्यात वारा महिनाभर थांबला नाही. मारेन भिंतीशी बोलायला लागली आणि शेवटी तिला वेड्यांच्या इस्पितळात न्यावं लागलं. सहा महिने मालक जागेवर नसला तर जमीन दुसऱ्याने मागावी असा कायदा, आणि आसपासच्या जमिनींवर डोळा असलेला हॅस्केल टपून बसलेलाच होता. मारेन बरी होऊन येईल तेव्हा तिची जमीन तिला मिळाली पाहिजे, एवढंच ब्रीताच्या डोक्यात होतं. म्हणून, मालकाच्या जागी बहीण राहिली तरी चालेल असं धरून, ती मारेनच्या खाटेवर निजू लागली, मारेनच्या खिडकीत दिवा ठेवू लागली. बिचारी दुसरं काय करणार होती? सहा महिने उलटताच हॅस्केलने तक्रार केली, आणि आज तिची सुनावणी होती.

"आणि पश्चिमेच्या खिडकीत?" हॅस्केलने हळूच विचारलं.

टोरलाइव्ह गडबडला. त्याने ब्रीताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. शपथ मोडणाऱ्यांतला तो नव्हता.

"तिकडे... अंधारच असायचा."

साहेबाने चष्मा काढला. "मारेन इस्पितळात आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिची जमीन गेली. आणि बाई, तुमच्या जमिनीवर तुम्हीही नव्हतात."

"अहो, त्याच घरात होते की मी! चुलीच्या पलीकडे!"

"हद्दीच्या पलीकडे होतात."

तेलही गेलं, तूपही गेलं. हॅस्केलने दोन्ही तुकडे मागितले.

सामान न्यायला गाडी टोरलाइव्हनेच आणली. "तुमच्या भल्याचंच बोलतोय असं वाटलं हो मला," तो पुटपुटला.

"खरं तेच बोललास तू. पण मारेन बरी झाली तर तिला घेऊन मी कुठे जाऊ रे?"

त्याने खाटेला हात घातला. दोन्ही खाटा गाडीत चढल्या. काहीतरी राहिलं म्हणून ब्रीता पुन्हा आत गेली. बराच वेळ ती येईना, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं.

भर दुपारच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीत दिवा जळत होता.