काटी लावलेलं दार

मी एक फळी बोलतेय. लाकडाला कुठलं आलंय तोंड, असं म्हणाल. बोलायला हवं होतं तेव्हा मला बोलता आलं नाही, हे खरंच आहे. आता बोलते, ऐकणारं कोणी असो नसो.

मी मूळची सागाची. झाड पाडलं, करवतीनं चिरलं आणि मी फळी झाले. दुखलं का, ते विचारू नका. तेव्हापासून मला फारसं काही वाटेनासंच झालं आहे. सुतारानं मला बैलगाडीच्या तळाला बसवलं आणि ती गाडी शेलूबाजारजवळच्या एका बंजारा तांड्यावर, हेमसिंगच्या दारात आली.

हेमसिंग अर्धं वर्ष शेतात राबायचा आणि अर्धं वर्ष कामाच्या मागे गावोगाव हिंडायचा. शेजारच्या घरात त्याची विधवा भावजय रुपाबाई आणि तिची एकुलती लेक रामी राहत. माझ्यावरून कापूस गेला, कडबा गेला, शेणखत गेलं, बाजाराला निघालेल्या बायकाही गेल्या. गाडीत बसलं की माणसं फार बोलतात. तळाची फळी ऐकत असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. त्यांची आपसातली बोली निराळी आहे, मी ती तुम्हाला कळेल अशी करून सांगतेय.

रामीचं लग्न झालं तेव्हा तिची पाठवणीही माझ्यावरूनच झाली. आईच्या गळ्यात पडून तिनं ढावलो म्हटला. ढावलो म्हणजे सासरी जाणाऱ्या मुलीचं निरोपाचं रडतं गाणं. मग ती गाडीत येऊन बसली. अंगावर आईनं भरलेली ओढणी होती, काठाला लहान लहान आरसे टाचलेली. टेकडीपलीकडचं सासर येईपर्यंत त्या पोरीनं माझी कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

पुढे राज्यं नव्यानं झाली, आपण मुंबई राज्यात गेलो, असं बाजारातून येणारे लोक सांगू लागले. आमच्या तांड्यावर काही बदललं नव्हतं. त्यानंतरच्या फाल्गुनात मात्र गारा पडल्या.

उभा गहू झोपला. छपरांची कवेलू फुटली. लिंबाची एक फांदी आमच्या गाडीवर पडली आणि दुसरी रुपाबाईच्या दारावर. गाडीचं जू मोडलं, दाराच्या चिरफळ्या झाल्या. रुपाबाई उंबऱ्यात उभी राहून नुसती पाहत होती. आभाळ अजून काळंच होतं.

"अजून पाणी यीन, भोजाई," हेमसिंग म्हणाला. भावजयीला ते भोजाई म्हणतात. "आधी दार बुजवू, रडू मंग."

त्यानं मोडक्या गाडीतून आम्हा फळ्यांना उचकटलं. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. आम्हाला चौकटीवर आडवं मारलं आणि फटींत तरटाचे बोळे कोंबले. मी डोक्याच्या उंचीवर आले. माझा एक खिळा पुरता बसला नाही, त्याचं डोकं बाहेरच राहिलं. तळाशी फळ्या पुरल्या नाहीत, म्हणून कुत्री शिरू नयेत एवढ्यासाठी त्यानं बाभळीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आणून आडवी लावली. रुपाबाई मागच्या दारानं ये-जा करू लागली.

इथेच चूक झाली, आणि ती कोणाच्याच ध्यानात आली नाही. तांड्यावर दाराला आडव्या फळ्या आणि खाली काटी दिसली की त्याचा एकच अर्थ असतो. घरचे कामाला दूर गेले, आत कोणी नाही. मग हाक मारत बसायचं नाही की मागे जाऊन पाहायचं नाही. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. हेमसिंग जाणत होता, रुपाबाई जाणत होती. पण आपल्याच दाराकडे बाहेरून कोण बघतो?

पीक गेल्यावर इंझोरीकडे सडकेचं काम निघालं आणि सगळा तांडा गिट्टी फोडायला निघाला. बहुतेक दारांना काट्या लागल्या. रुपाबाई तेवढी राहिली. बांगड्या विकत फिरणाऱ्या फुलचंदनं तिला रामीचा निरोप आणला होता.

"रामीनं सांगतलं, येत्या बाजाराच्या दिसी मी येऊन राह्यली. याडीले म्हणा, मले वापस धाडू नको." याडी म्हणजे आई.

"अन् तिचा हात?" रुपाबाईनं विचारलं. आधीचं काहीतरी तिच्या कानावर असावं.

"हाताले फडकं बांधेल हाय. मी काई इचारलं नाही."

हेमसिंग निघताना म्हणाला, "चाल ना भोजाई, एकटी काहून राह्यतं?"

"मी आली तं तिनं कोणापाशी यावं?" रुपाबाई म्हणाली.

बाजाराच्या दिवशी रुपाबाईनं भाकरी करून झाकून ठेवली आणि ती सडकेवर जाऊन बसली. लेक बाजारच्या बायकांत मिसळून सडकेनंच येणार, असा तिचा हिशेब. पाहुण्याला अर्ध्या वाटेवर भेटावं तशी ती हौसेनं गेली.

रामी आली ती टेकडीवरून.

पायांत चप्पल नव्हती. डाव्या हाताला फडकं होतं, बगलेत गाठोडं होतं. ती अंगणापर्यंत पळत आली आणि एकदम थांबली. तिनं फळ्या पाहिल्या. काटी पाहिली. मग आजूबाजूच्या दारांच्या काट्या पाहिल्या.

"याडी," ती हळूच म्हणाली. हाक कसली, ती बोलल्यासारखंच बोलली. "सासरा सडकेनं बाजाराले गेला म्हून टेकडीवरून आली मी. तू थांबली नाही?"

तिनं कपाळ माझ्यावर टेकलं. मी तिला ओळखलं. गाडीची कड धरून बसलेली पोर हीच. आत भाकरी झाकलेली आहे बाई, मागचं दार नुसतं लोटलेलं आहे, एवढंच सांगायचं होतं. लाकूड काय सांगणार? मी खिळ्यांवर होते तशी राहिले.

"सासरा यायच्या आंधी वापस पोचली तं कोणाले समजन नाही," ती स्वतःशीच म्हणाली. डोळे पुसले नाहीत, कारण ती रडतच नव्हती. वळताना ओढणी माझ्या त्या खिळ्यात अडकली. तिनं हिसका दिला आणि आली तशी टेकडीकडे चालू लागली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

दिवस कलल्यावर रुपाबाई परतली. आजच कशी ती पुढच्या बाजूनं आली कोण जाणे. खिळ्यावर ओढणीची चिंधी होती आणि चिंधीत एक आरसा. टाका तिचा स्वतःचा. ती चिंधीकडे पाहत राहिली, मग फळ्यांकडे, मग काटीकडे. काय झालं ते तिला कळलं. तिनं काटी नुसत्या हातानं ओढून फेकली आणि दगडानं आम्हाला एकेक करून पाडलं. हात रक्तानं भरले.

ती रामीच्या सासरी जाऊन आली. तिथं काय झालं ते हेमसिंग कामावरून परतल्यावर मी ऐकलं.

"सगळे बसेल होते," रुपाबाई सांगत होती. "रामीनं घुंगट घेतला अन् म्हणे, मी कवा आली होती? मी कायले यीन? माह्यं सगळं बरं हाय."

"मंग?"

"मंग काय. पाणी पेली अन् आली."

या गोष्टीला आता दोनेक वर्षं झाली असतील. घराला नवं दार आहे. मी दोन दगडांवर दारापाशी पडून असते आणि येणारे-जाणारे माझ्यावर टेकतात. परवा दिवाळीला रामी लेकराला घेऊन आली. माझ्यावरच बसली. बोलता बोलता तिचं बोट माझ्या खिळ्याच्या भोकात गेलं आणि तिथंच राहिलं. रुपाबाईनं नातवाला नवी टोपी घातली. टोपीच्या मधोमध तो आरसा टाचलेला होता.

रामीनं टोपीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. रुपाबाई चुलीकडे बघत होती.

"च्या ठेवू?" रुपाबाई म्हणाली.

"ठेव," रामी म्हणाली.

दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोलल्या नाहीत, बोलतील असं मला वाटतही नाही. माझं मात्र एक मागणं आहे. मोडलेलं दार फळ्यांनी बुजवा, बुजवावंच लागतं. पण आत माणूस असेल तर बाहेर एखादा पाण्याचा तांब्या ठेवत जा.

रुपाबाई हल्ली कामाला गेली तरी दार लावत नाही. बायका म्हणतात, "अवं, कुत्रं शिरते घरात."

ती म्हणते, "शिरू दे."